मेसेज टाइप करायला सोपा आणि कॉलवर आवाज स्पष्ट असणारा फोन: कसा निवडायचा?

सांजवात

नमस्कार मंडळी,

फोन बदलायची वेळ आली आहे. कॅमेरा, गेम, स्क्रीनचा झगमगाट यातलं मला काही नको. दोनच गोष्टी हव्या आहेत: मेसेज भराभर आणि बिनचूक टाइप करता यावेत, आणि कॉलवर माझं बोलणं समोरच्याला व त्याचं मला नीट ऐकू यावं. फोन मुळात याच कामासाठी घेतात, पण रिव्ह्यू वाचायला बसलं की नेमकं याबद्दल दोन ओळीसुद्धा सापडत नाहीत.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. दिवसाला साठ-सत्तर मेसेज सहज होतात. तेही जिना चढता-उतरताना, एका खांद्याला बॅग आणि एका हातात फोन अशा अवस्थेत. बहुतेक पेशंट वयस्कर, त्यामुळे मेसेज मराठीतच. सध्याचा फोन इतका रुंद आहे की डाव्या कडेच्या अक्षरापर्यंत अंगठा पोचत नाही, आणि संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. दिवसभर लोकांचे सांधे बघते, त्यामुळे हे दुखणं कुठे जातं तेही माहीत आहे.

कॉलचं असं की मागच्या महिन्यात एका आजोबांना "सात वाजता येते" म्हणून सांगितलं, त्यांनी "आठ" ऐकलं. मी सातला दारात उभी आणि ते फिरायला गेलेले. एकदाच झालं असतं तर विसरून गेले असते. पण घरी आईशी बोलतानाही रोज तेच. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ती उजव्याला फोन लावते. तरी "काय? परत सांग" चालूच. मी आवाज चढवते, मग ती विचारते "चिडलीस का?" पूर्वी आम्ही अर्धा-अर्धा तास बोलायचो. आता पाच मिनिटांत "बरं, ठेवते" होतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर सांगा, दुकानात गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

झुळूक

माझ्या मते सरळ कंपनीचं सगळ्यात वरचं मॉडेल घ्या. त्यात सगळंच चांगलं असतं, डोक्याला ताप नाही.

टॉवरखाली

झुळूक, वरच्या मॉडेलमध्ये स्पीकर आणि माइक चांगले असतात हे खरं आहे. पण कॉलचा आवाज फक्त फोनवर ठरत नाही.

मी बरीच वर्षं नेटवर्क टेस्टिंगमध्ये होतो. गाडीत ओळीने फोन लावून रस्तोरस्ती फिरायचं आणि कॉल कुठे तुटतो, कुठे आवाज बिघडतो याची नोंद करायची, हे काम. त्यावरून सांजवातताईंच्या "सात-आठ"बद्दल सांगतो, कारण ते उदाहरण अगदी नेमकं आहे.

जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये आपल्या आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे जातो. हे माप लँडलाइनच्या काळापासून चालत आलेलं आहे. स्वर त्यात व्यवस्थित बसतात, त्यामुळे कोण बोलतंय ते ओळखू येतं. पण "स" म्हणजे दातांच्या फटीतून घासून जाणारी हवा. तिचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. तो भागच कापला गेला की "सात"मधला "स" पुसट होतो आणि कानाशी "आत"सारखं काहीतरी पोचतं. पुढे "वाजता" आहे म्हटल्यावर ऐकणाऱ्याचं मन त्याचं "आठ" करून टाकतं. आजोबांची चूक नव्हती, तुमचीही नव्हती.

यावर उपाय म्हणजे ज्याला एचडी व्हॉइस म्हणतात तो. त्यात एएमआर-वाइडबँड नावाचा कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून आखडायची पद्धत, वापरतात आणि पट्टा साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत रुंदावतो. त्याच्या पुढचा ईव्हीएस. तो २०१४ मध्ये प्रमाणित झाला आणि त्यात आणखी वरचे आवाजही येतात. ४जी नेटवर्कवरून जो कॉल जातो, म्हणजे व्होल्टी, त्यात हे कोडेक वापरले जातात. म्हणून पहिला प्रश्न "फोन ४जी-५जी आहे का" हा नाही. "माझ्या सिमवर या फोनमध्ये व्होल्टी चालू होतं का" हा आहे. दोन्हींत फरक आहे. काही फोन ४जीवर इंटरनेट चालवतात, पण त्या कंपनीच्या नेटवर्कवर त्या मॉडेलला व्होल्टीची परवानगी नसेल तर कॉल लागताना खाली २जी किंवा ३जीवर उतरतात. बाहेरच्या देशातून आणलेल्या फोनांत हे फार होतं.

तपासायला सोपं आहे. आपलं सिम घालायचं, वाय-फाय बंद करायचं, कॉल लावायचा आणि चालू कॉलमध्ये वरच्या पट्टीकडे बघायचं. ४जी किंवा ५जीचं चिन्ह टिकून राहिलं, बहुतेक फोनांत शेजारी एचडी किंवा व्होल्टी असंही येतं, तर ठीक. कॉल लागताच तिथे ई (२जी) किंवा एच (३जी) आलं तर कॉल खाली उतरला. रिंग जायला लागणारा वेळही बघा. व्होल्टीवर दोन-तीन सेकंदांत रिंग जाते, खाली उतरणाऱ्या कॉलमध्ये बराच वेळ नुसती शांतता असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रुंद पट्टा दोन्ही टोकांना लागतो. एका बाजूचा फोन जुन्या पट्ट्यावर असेल तर पूर्ण कॉल तिथपर्यंत खाली येतो. आईंचा फोन कोणता आहे?

सांजवात

टॉवरखाली, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. "स" कापला जातो हे वाचून अंगावर काटा आला, कारण आईला "सांग", "साखर", "सोमवार" हेच शब्द परत सांगावे लागतात!

आईचा फोन साधा, बटणांचा. बरीच वर्षं तोच आहे. कधी बिघडला नाही, बॅटरी चार दिवस जाते, म्हणून बदलायचा विचारच आला नाही.

टॉवरखाली

मग आधी तिथे बघा. जुना बटणांचा फोन फक्त २जी असण्याची शक्यता खूप आहे. तसं असेल तर तुम्ही कितीही भारी फोन घेतलात तरी आईंशी बोलताना "स" पुसटच राहील. बॉक्स किंवा माहितीपुस्तिका असेल तर ४जी किंवा व्होल्टी लिहिलंय का ते पाहा. नसेल तर बॅटरीखालच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून कळेल.

कानोसा

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते, लहानपणापासून. म्हणून दोन शब्द.

वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा सहसा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. म्हणजे टॉवरखाली यांनी जे "स"बद्दल लिहिलं, तीच कात्री फोनही चालवतो आणि कानही. आईंच्या बाबतीत दोन्ही एकदम होत असणार. म्हणून फोन बदलाच, पण एकदा श्रवणतपासणीही करून घ्या. फोन चांगला आला की ती पुढे ढकलली जाते, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

आणि ताई, ओरडू नका. रागावू नका हं, प्रेमाने सांगते. ओरडल्यावर "आ", "ओ" हे स्वर मोठे होतात, "स", "त", "फ" ही व्यंजनं त्या प्रमाणात मोठी होत नाहीत. उलट मोठ्या स्वरांच्या धक्क्याखाली ती जास्तच झाकली जातात. शिवाय माइकवर आवाज फाटतो तो वेगळाच. नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश, शब्दांमध्ये थोडी जागा सोडून बोला. "सात"ऐवजी "संध्याकाळी सात, सहाच्या नंतरचे" असं बोलले की मला एक शब्द निसटला तरी चालतं.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी: फोनच्या बॉक्सवर किंवा पुस्तिकेत एम३, एम४, टी३, टी४ असं रेटिंग दिसलं तर बघा. एम म्हणजे यंत्राच्या माइकमधून ऐकताना फोनची खरखर किती कमी येते ते, आणि टी म्हणजे यंत्रातल्या टेलिकॉइलशी, म्हणजे फोनचा आवाज चुंबकीय लहरींतून पकडणाऱ्या तारेच्या गुंडाळीशी, फोन किती चांगला जुळतो ते. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. काही नवी यंत्रं ब्लूटूथने थेट फोनला जोडतात, अँड्रॉइड १० पासून त्यासाठीची सोय फोनमध्येच आहे, पण फोन आणि यंत्र दोन्हींना ती चालायला हवी. दुकानात जाताना यंत्र कानात घालून जायचं आणि जोडून बघायचं, नुसतं विचारायचं नाही.

कानामागचं यंत्र असेल तर फोन कानाच्या भोकाशी धरून उपयोग नसतो. यंत्राचा माइक वर, कानाच्या वरच्या टोकाशी असतो. फोन इंचभर वर आणि किंचित मागे, थोडं अंतर ठेवून धरला की शिट्टीही वाजत नाही. हे मला पंधराव्या वर्षी कुणीतरी सांगितलं आणि तोपर्यंत फोन म्हणजे शिक्षा होती.

सोल्डरगन

फोन दुरुस्तीचं काम करतो. "समोरच्याचा आवाज येत नाही" किंवा "माझा आवाज जात नाही" म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बऱ्याच फोनांत बिघाड नसतोच. नवीन घेण्याआधी ही तपासणी करा.

कानाशी धरायचा स्पीकर म्हणजे स्क्रीनच्या वरच्या कडेला असलेली बारीक फट. तिच्या जाळीत धूळ, कानातला मळ, मेकअपची पावडर घट्ट बसते. टॉर्च मारून तिरकं बघितलं तर करडा थर दिसतो. कोरडा, मऊ दातांचा ब्रश घ्या, फोन उलटा म्हणजे जाळी जमिनीकडे करून हलके फिरवा. ओलं काही लावू नका. आणि टाचणी अजिबात नको. काही फोनांत खालच्या कडेला सिमच्या ट्रेसाठी एक भोक असतं आणि माइकसाठीही तसंच भोक असतं. घाईत सिमची पिन माइकच्या भोकात घालून आतला पडदा फाडलेले फोन माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

मग काच आणि कव्हर. स्वस्त टेम्पर्ड ग्लास वरची फट अर्धी झाकते. जाड कव्हर खालचा माइक झाकतं. वरच्या कडेला किंवा कॅमेऱ्याजवळ जे टाचणीएवढं भोक असतं तो दुसरा माइक. तो भोवतालचा गोंगाट ऐकतो आणि फोन तो गोंगाट वजा करून तुमचा आवाज पुढे पाठवतो. तो झाकला गेला किंवा कॉलवर तुमचं बोट त्यावर आलं की हिशेब चुकतो, आणि समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. काच-कव्हर काढून एक कॉल लावा. फरक पडला तर फोन बदलायची गरज नाही.

घेताना बघायची आणखी एक गोष्ट, जी कुणी बघत नाही: फोन कानाला लावल्यावर स्क्रीन लगेच बंद होते का. त्यासाठी प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. काही फोनांत तो सेन्सर न बसवता सॉफ्टवेअरने अंदाज घेतात. मग स्क्रीन चालूच राहते, गालाने म्यूट दाबलं जातं किंवा कॉल कटतो, आणि माणूस नेटवर्कला दोष देत बसतो. दुकानात दोन मिनिटं कॉल लावून फोन कानाला लावा, काढा, परत लावा. चार-पाच वेळा.

झुळूक

वरचा प्रतिसाद वाचून टेम्पर्ड ग्लास काढली. बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, आज जवळून बोलतेयस का? माझं पहिलं मत मागे घेते. __/\__

कीपॅडप्रेमी

टायपिंगबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून मी सुरुवात करतो.

माझ्याकडे नोकिया ई७१ होता, २००८ चा. खऱ्या बटणांचा पूर्ण कीबोर्ड. प्रत्येक बटण मधे किंचित फुगीर, एफ आणि जेवर बारीक उंचवटा. तो उंचवटा अंगठ्याला लागला की पुढची सगळी अक्षरं कुठे आहेत ते न बघता कळायचं. मी फोन टेबलाखाली धरून, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत पूर्ण वाक्य लिहायचो आणि चूक नसायची. त्याआधी नंबरच्या बटणांवर टी९, म्हणजे दाबलेल्या बटणांवरून शब्द ओळखणारी सोय. तिथेही पाचच्या बटणावरचा उंचवटा हाच खुंटा. काचेवर हे शक्य नाही. काचेला काठच नाही, त्यामुळे डोळे सतत खाली ठेवावे लागतात. ज्यांना चालता-चालता लिहायचं आहे, त्यांना हा फरक रोज जाणवतो.

आता असे फोन जवळजवळ संपले. ब्लॅकबेरीच्या नावाचे शेवटचे बटणांचे फोन, की२ आणि की२ एलई, २०१८ चे. त्यांच्या जुन्या, स्वतःच्या प्रणालीवरच्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली, तेव्हा वापरलेला फोन स्वस्तात मिळतोय म्हणून तसला घेऊ नका. काही छोट्या कंपन्या अजून अँड्रॉइडवर बटणांचे फोन काढतात. पण मला मनाविरुद्ध एक गोष्ट सांगावी लागते. असा एक मागवला होता, माझ्या सिमवर व्होल्टी चालू झालंच नाही, कॉल खालच्या पट्ट्यावरच गेले. टायपिंग स्वर्गसुख, आवाज जुनाच. चार महिन्यांनी विकला. शिवाय बटणांवर मराठी अक्षरं छापलेली नसतात, त्यामुळे देवनागरी लिहिताना ती पाठ असावी लागतात. दिवसभर मराठीच लिहायचं असेल तर, सांजवात, तुम्हाला बटणं सुचवणार नाही. आईंसाठी मात्र नक्की सुचवीन. व्होल्टी असलेले साधे बटणांचे फोन मिळतात.

मोजपट्टी

रुंदीबद्दल. लोक इंच विचारतात, पण इंच हे स्क्रीनचं तिरकं माप आहे आणि अंगठ्याचा संबंध आडव्या रुंदीशी असतो. स्क्रीनचं प्रमाण बदललं की त्याच इंचाची रुंदी बदलते. जुन्या १६:९ प्रमाणाच्या ५.५ इंची स्क्रीनची रुंदी साधारण ६८.५ मिमी. आताच्या २०:९ प्रमाणाच्या ६.५ इंची स्क्रीनची रुंदी साधारण ६७.८ मिमी. म्हणजे मोठा आकडा असलेला फोन किंचित अरुंद निघतो! १९.५:९ प्रमाणाचा ६.१ इंची घेतला तर ६५ मिमीच्या आत.

माहितीपत्रकात पूर्ण फोनची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. तीच बघा, आणि त्यात कव्हरचे तीन-चार मिमी धरा. माझा हात मध्यम आहे. ७२ च्या पुढे गेलं की एका हाताने पलीकडची कड मला गाठता येत नाही. तुमच्या हाताचा आकडा वेगळा असेल. घरातल्या दोन-तीन फोनांवर अंगठा फिरवून बघा, पट्टी लावा आणि तो आकडा लिहून दुकानात जा.

आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये "एका हाताने" अशी सोय असते. त्याने पूर्ण कीबोर्ड उजव्या किंवा डाव्या कडेला सरकतो. सध्याच्या फोनवर आजच करून बघा, अंगठ्याला लगेच आराम मिळेल.

रफार

वाटच बघत होते मराठी टायपिंगचा विषय कधी निघतोय याची.

कीबोर्ड फोनबरोबर येतो तोच वापरला पाहिजे असं नाही, त्यामुळे मराठीसाठी फोनपेक्षा कीबोर्डची निवड जास्त महत्त्वाची. दोन मोठ्या वाटा आहेत. एक, इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायचं. शिकायला काही लागत नाही, पण प्रत्येक शब्दाला वर आलेल्या पर्यायांकडे बघावं लागतं, आणि "पाणी"चं "पानी" कधी होऊन गेलं ते कळत नाही. दुसरी, थेट देवनागरी मांडणी. त्यातली इनस्क्रिप्ट नावाची मांडणी शिकायला मला तीन आठवडे लागले. डाव्या बाजूला स्वर आणि मात्रा, उजव्या बाजूला व्यंजनं, त्यामुळे दोन्ही अंगठे आलटून-पालटून चालतात आणि एकाच अंगठ्यावर भार येत नाही. सांजवातताई, तुमच्या अंगठ्याच्या दुखण्यावर याचाही उपयोग होईल, अर्थात दोन्ही हात मोकळे असतील तेव्हा. चालताना एका हाताने लिहायचं असेल तर बोट न उचलता अक्षरांवरून फिरवायची पद्धत किंवा बोलून टाइप करणं बरं. बोलून टाइप केलेलं मात्र पाठवण्याआधी एकदा वाचायचं. गोळीचा किंवा वेळेचा आकडा असेल तर दोनदा.

दुकानातल्या फोनवर मी हे शब्द लिहून बघते: दुसऱ्या, वाऱ्यावर, ॲप, ऑफिस, बाळ, ज्ञान, कृपया. "दुसऱ्या"त "र"ला ती अर्धचंद्रासारखी वळलेली खूण आली पाहिजे. ती न येता "य"वर रफार चढून "दुसर्या" असं दिसलं, तर तो कीबोर्ड मराठीचा विचार करून केलेला नाही, हिंदीचा मराठीच्या नावाने दिलेला आहे. "ॲ" हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्यामुळे फार जुन्या फोनवर त्याच्या जागी चौकोन दिसतो. तुम्हाला नाही, ज्यांना पाठवता त्यांना.

साध्या एसएमएसचं गणितही लक्षात ठेवा, कारण वयस्कर लोकांपैकी अनेकांकडे इंटरनेटवरचे मेसेज नसतात. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी पूर्ण मेसेजची मर्यादा ७० वर येते. मोठा मेसेज तुकड्यांत जातो तेव्हा प्रत्येक तुकडा ६७ चा. आणि मोजणी आपण मोजतो तशी नसते. "नमस्कार" ही आपल्या दृष्टीने चार अक्षरं, पण हलन्त आणि काना वेगळे धरून सात होतात. तुकडे उलटसुलट पोचले किंवा एखादा राहिला की निरोप अर्धवट दिसतो. म्हणून वेळ आणि दिवस मी नेहमी मेसेजच्या सुरुवातीला लिहिते. "सोम. सायं. ७. येते." पुढचं सगळं नंतर.

पाऊलवाट

रफार यांच्या प्रतिसादात एक भर. देवनागरीत मधलं अक्षर दुरुस्त करायला बोटाने नेमक्या जागी टेकवणं फार अवघड जातं. बऱ्याच कीबोर्डमध्ये स्पेसच्या पट्टीवर बोट डावी-उजवीकडे सरकवलं की कर्सर एकेक अक्षर सरकतो. हे कळल्यापासून पूर्ण शब्द खोडून परत लिहिणं बंद झालं.

आणि कंपन. फोन घेताना कीबोर्डचं कंपन चालू करून लिहून बघा. काही फोनांत प्रत्येक अक्षराला छोटी, कोरडी टक जाणवते, काहींत हातभर घरघर होते. आत मोटरचे प्रकार वेगळे असतात. घरघर असेल तर दहा मिनिटांत बंदच करावंसं वाटतं.

टॉवरखाली

सोल्डरगन आणि कानोसा यांच्यामुळे माझ्या ज्ञानात भर पडली. तीन गोष्टी राहिल्या होत्या.

फोन की नेटवर्क हे ओळखायला: त्याच जागी उभं राहून, त्याच माणसाला आधी साधा कॉल लावा, मग इंटरनेटवरून कॉल लावा. इंटरनेटवरचा स्वच्छ आणि साधा कॉल बोदा, म्हणजे फोनचे स्पीकर-माइक ठणठणीत आहेत, वाट अरुंद आहे. दोन्ही खराब असतील तर मात्र फोनकडे किंवा रेंजकडे बघा.

रेंजसाठी दांड्या मोजू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मनाने दाखवते. सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती असते, तिथे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायच्या एककात, आकडा मिळतो. ४जीवर -८५ च्या आसपास उत्तम, -११० च्या खाली गेलं की कॉल अडखळायला लागतो. दहाचा फरक म्हणजे दहापट, हे लक्षात घ्या. दोन फोन शेजारी ठेवून, एकच सिम आळीपाळीने घालून, दोन-तीन मिनिटं थांबून आकडा बघितला तर कुठल्या फोनचा अँटेना जास्त पकडतो याचा अंदाज येतो. घरात रेंजच नसेल तर वाय-फाय कॉलिंग असलेला फोन घ्या.

कॉलवर स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष बहुधा समोरच्या फोनचा असतो. त्याच्या स्पीकरमधला तुमचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो. त्याला स्पीकर बंद करायला सांगा.

सांजवात

बारा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सगळे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले होते.

पहिलं म्हणजे आईच्या फोनची बॅटरी काढून लेबल वाचलं, मॉडेल शोधलं. फक्त २जी. म्हणजे मी माझ्यासाठी फोन शोधत होते आणि बदलायचा होता तिचा. तिला व्होल्टी असलेला बटणांचाच फोन घेतला. कानोसाताई, तिला दुकानात घेऊन गेले. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले आणि तिथून कॉलवर एकेक शब्द म्हटला: सात, आठ, साठ, साखर, फास, पाच. तिने ऐकू आला तो शब्द दुकानातल्या मुलाला सांगायचा आणि त्याने कागदावर लिहायचा. जुन्या फोनवर सहापैकी दोन बरोबर आले होते. पहिल्या नव्या फोनवर चार. दुसऱ्यावर सहाच्या सहा. दोन्ही नव्या फोनांत व्होल्टी होतं, तरी एवढा फरक. दुसऱ्याचा कानाचा स्पीकर जास्त मोकळा होता. तो घेतला.

त्या रात्री सवयीने मी आवाज चढवूनच बोलायला लागले, तर म्हणाली, "ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला." चाळीस मिनिटं बोललो. श्रवणतपासणीची वेळही घेतली आहे, पुढच्या बुधवारची.

माझ्यासाठी चार फोन हातात धरून बघितले. माझ्या अंगठ्याचा आकडा ७१ मिमी निघाला. त्यामुळे दोन लगेच बाद झाले. तिसऱ्यात कॉल चालू असताना स्क्रीन बंदच होत नव्हती, सोल्डरगन यांनी लिहिलं होतं अगदी तसं. दुकानदार म्हणाला सेटिंग आहे, पण त्यालाही ते सापडलं नाही. चौथा घेतला. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तुमचं सिम, तुमचा हात आणि तुमचा समोरचा माणूस वेगळा असेल. "दुसऱ्या" नीट उमटतं. इनस्क्रिप्टचा आज पाचवा दिवस आहे आणि सध्या तरी वेग निम्म्यावर आलाय, पण पेशंटच्या घरी बसून लिहिताना दोन्ही अंगठे वापरते. संध्याकाळचं दुखणं कमी आहे.

रफार

पाचव्या दिवशी निम्मा वेग म्हणजे छान चाललंय. जोडाक्षरांची घाई करू नका, आधी मात्रा बसू द्या.

सोल्डरगन

आईंच्या फोनवर दुकानदाराने काच लावून दिली आहे का? असेल तर वरची फट मोकळी आहे ना ते बघा.

सांजवात

लावली होती. फटीच्या कडेवर एक मिलिमीटर आली होती, आत्ताच काढली. उद्या तेच सहा शब्द परत म्हणून बघते.